मा आनंद शीला, माहितीपट आणि आजारी पडलेली ७५१ माणसं

उंबरठा

नेटफ्लिक्सवर 'सर्चिंग फॉर शीला' आला २०२१ च्या एप्रिलात. मी तो आत्ता कुठे पाहिला. जेमतेम तासाभराचा माहितीपट, करण जोहरच्या धर्मॅटिकने काढलेला. संपल्यावर जी चिडचिड झाली ती काही केल्या जाईना, म्हणून हा धागा.

विषय ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. मा आनंद शीला म्हणजे बडोद्याची शीला अंबालाल पटेल, जन्म १९४९. शिकायला अमेरिकेत न्यू जर्सीला गेली. वडिलांनीच तिला रजनीशांकडे (म्हणजे ओशो, शिष्यांचे 'भगवान') नेलं आणि ती तिथलीच झाली. १९८१ मध्ये आधीच्या सचिव मा योग लक्ष्मी बाजूला पडल्या आणि शीला भगवानांची सचिव झाली. त्याच वर्षी ओरेगॉन राज्यातलं 'बिग मडी रँच' नावाचं ६४ हजार एकरांचं माळरान ५७ लाख ५० हजार डॉलरला विकत घेतलं आणि पुण्याच्या आश्रमाचं बिऱ्हाड तिकडे हललं. रजनीश तेव्हा मौनात होते, ते मौन सुटलं १९८४ च्या ऑक्टोबरात. मधल्या तीन-साडेतीन वर्षांत जगाला भगवानांचा म्हणून जो आवाज ऐकू आला तो शीलाचा होता. टीव्हीवर समोरच्याला शिव्या घालणारी, कंबरेला पिस्तूल लावून फिरणारी बाई म्हणून ती अमेरिकेत माहीत झाली.

आता मुद्द्याचं. १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ओरेगॉनमधल्याच द डॅल्स नावाच्या गावात दहा हॉटेलांमध्ये जेवलेले ७५१ लोक आजारी पडले. ४५ जणांना इस्पितळात ठेवावं लागलं. मेलं कुणी नाही, हे नशीब. सॅलड बारवरच्या भाज्यांत आणि ड्रेसिंगमध्ये साल्मोनेला मिसळला होता. प्लास्टिकच्या पिशवीत फिकट तपकिरी पाणी घेऊन संन्यासी हॉटेलात शिरायचे आणि आपापसात त्या पाण्याला 'साल्सा' म्हणायचे. सगळा आटापिटा कशासाठी, तर नोव्हेंबरातल्या परगण्याच्या निवडणुकीत स्थानिक लोक मतदानाला बाहेर पडू नयेत आणि आपली माणसं निवडून यावीत. ही त्याची रंगीत तालीम होती. वर सुरुवातीला आरोग्य खात्याने दोष कुणाला दिला? हॉटेलात वाढणाऱ्या पोरांना. हात नीट धूत नाहीत म्हणून!

त्याच्या आधी ऑगस्टमध्ये परगण्याचे दोन आयुक्त पाहणीला रँचवर आले होते. त्यांच्या गाडीचं टायर बसलं. ते बदलेपर्यंत दोघांना उन्हात पाणी दिलं गेलं. दोघेही आजारी पडले, एक जण इस्पितळात गेला.

हे सगळं 'वाइल्ड वाइल्ड कंट्री' या माहितीपट-मालिकेच्या (२०१८) सहा भागांत येऊन गेलंय. त्यामुळे शीला भारतात परत येते, कॅमेरा बरोबर आहे, म्हटल्यावर मला वाटलं आता कुणीतरी तिला समोर बसवून बोलतं करेल. प्रत्यक्षात काय मिळतं? स्वित्झर्लंडमधली तिची केअर होम्स, मग भारत दौरा. दिल्लीतल्या दिवाणखान्यांत भरलेल्या बैठका, साड्या-शाली नेसलेली मंडळी, तिच्याबरोबर फोटो काढून घेणारे लोक, करण जोहरने घेतलेली जाहीर मुलाखत, मग बडोदा आणि जुन्या आठवणी. विचारणारे बदलतात, प्रश्न साधारण तेच राहतात: अपराधी वाटतं का? भगवानांवर अजून प्रेम आहे का? तिचं उत्तरही ठरलेलं. शिक्षा भोगून झाली, आता माझ्यावर शिक्के मारत बसू नका. यावर पुढचा प्रश्न कुणी रेटून विचारत नाही. खोलीत हशा पिकतो आणि आपण पुढच्या खोलीत.

मला बाईंबद्दल राग नाही. ७५ च्या आसपासची बाई आहे, जे मिरवायचं ते मिरवणारच. राग त्या दिवाणखान्याचा आहे. तिथे जमलेल्या लोकांना गुन्ह्याचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना 'बिनधास्त बाई' बघायची होती. आणि माहितीपट काढणाऱ्यांनी त्या पाहुण्यांवर कॅमेरा रोखायच्या ऐवजी स्वतःच पाहुण्यांत जाऊन बसायचं ठरवलं.

तुम्हाला काय वाटलं?

---

तिरपागडा

तासाभराची जाहिरात आहे ती. मधल्या काळात प्रियांका चोप्रा शीलावर सिनेमा करणार अशी घोषणा झाली होती, तर बाईंनी तिला नोटीस धाडली. वर मुलाखतीत सांगितलं की माझी भूमिका आलिया भटने करावी. गुन्हेगाराला स्वतःच्या सिनेमाचं कास्टिंग करू देणारा आपला एकमेव देश.

---

कोरेगावकर

माझं लहानपण कोरेगाव पार्कात गेलं, म्हणून चार ओळी.

७० च्या दशकाच्या शेवटी आमच्या गल्लीत सकाळी सहाला जी वर्दळ असायची ती नारिंगी कपड्यांची. मरून झगे बरेच नंतरचे. नदीच्या कडेला बांबूच्या झोपड्या बांधून गोरे राहायचे. आमच्या घरी त्यांच्याबद्दल दोन बोलणी चालायची. जेवताना आजोबा 'नागडे नाचतात, पोरांनो तिकडे फिरकू नका' म्हणायचे, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला मागच्या दोन खोल्यांचं भाडं त्याच नागड्यांकडून मोजून घ्यायचे. भाडंही असं, की त्या काळी नोकरदार पुणेकराने ऐकूनच मान खाली घातली असती. सगळी गल्लीच तशी होती. संस्कृती बुडाल्याची तक्रार करणाऱ्या एकानेही पाटी लावली नाही की संन्याशांना खोली मिळणार नाही.

शीला तेव्हा आम्हाला माहीतही नव्हती. दबदबा लक्ष्मीचा. बुटकी, किरकोळ बाई, पण फाटकावरचे लोक तिला बघून सरळ उभे राहायचे. १९८१ च्या जूनमध्ये भगवान अमेरिकेला गेल्याचं कळलं आणि पुढच्या काही महिन्यांत गल्ली ओस पडली. आजोबांचा भाडेकरूही गेला, दोन महिन्यांचं भाडं बुडवून. त्यावर मात्र ते मरेपर्यंत बोलत राहिले.

'वाइल्ड वाइल्ड कंट्री'त पुणे पहिल्या भागात येतं आणि झटकन संपतं. मला ते खटकलं. सरकारशी भांडण, करसवलतीचा वाद, कच्छमध्ये जागा घेऊन आश्रम हलवायचा फसलेला बेत, १९८० मध्ये प्रवचनात झालेला सुरा फेकण्याचा प्रकार, यातूनच 'इथून निघा'ची घाई झाली. ओरेगॉनमध्ये शीला जी शेजाऱ्यांशी पहिल्या दिवसापासून युद्धाच्या पवित्र्यात दिसते, तो पवित्रा पुण्यातून बांधून नेलेला होता.

---

रानजाई

थोडं उलटं बोलते. उंबरठा, राग समजला. पण पूर्ण चित्र बघू.

शीलाने गुन्हा कबूल केला, २० वर्षांची शिक्षा झाली, प्रत्यक्षात २९ महिने तुरुंगात काढले, ४ लाख ७० हजार डॉलर दंड. बाहेर येऊन स्वित्झर्लंडला गेली, लोकांच्या घरी कामं केली, मग म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी घरं काढली. 'मातृसदन' आणि 'बापूसदन'. तिशीतल्या गुन्ह्यांसाठी तिने रीतसर किंमत मोजली आहे.

आता तिच्या मालकाकडे बघा. रजनीशांनी इमिग्रेशनच्या दोन गुन्ह्यांत असा कबुलीजबाब दिला की ज्यात गुन्हा कबूल न करता फक्त पुरावा पुरेसा असल्याचं मान्य करता येतं. १० वर्षांची स्थगित शिक्षा, ४ लाख डॉलर दंड, देश सोडा, संपलं. ९३ रोल्स-रॉइस ज्यांच्यासाठी जमवल्या त्यांना आपल्या घरातला फोन-टेपिंगचा कारभार माहीत नव्हता, असं आपण मानायचं. १४ सप्टेंबर १९८५ च्या सुमारास शीला पळाली आणि दोनच दिवसांत भगवानांनी पत्रकार बोलावून सगळं तिच्या नावावर टाकलं. मग तिचे झगे जाळले, 'रजनीशीझम'ची पुस्तकं जाळली. कालपर्यंत ज्या बाईच्या सहीशिवाय पान हलत नव्हतं ती एका सकाळी एकटीच राक्षसीण ठरली.

बाबा 'गूढ' राहिले, बाई 'दुष्ट' ठरली. पुण्यात त्यांची समाधी आहे, देशोदेशींचे लोक येतात. हिला मात्र आयुष्यभर एकच प्रश्न: पश्चात्ताप होतो का? तो प्रश्न त्या फाटकावर कोण विचारतं?

म्हणून मला 'सर्चिंग फॉर शीला' उथळ वाटला तरी तिचं 'शिक्के मारू नका' म्हणणं पटलं.

---

तिरपागडा

रानजाई, पुण्यात प्रश्न विचारतात हो, पण जमिनीचे. आश्रमाचे दोन भूखंड १०७ कोटींना विकायला निघाले होते. शिष्यांच्याच एका गटाने विरोध केला आणि २०२३ च्या डिसेंबरात धर्मादाय सहआयुक्तांनी परवानगी नाकारली. शेवटी सगळे पंथ सातबाऱ्यावर येतात.

---

कायद्याचा_किडा

मी कायदा शिकलोय, वकिली करत नाही, त्यामुळे वेळ भरपूर आहे. दोन गोष्टी सांगतो, ज्या आपल्याकडच्या प्रेक्षकांच्या नजरेतून हमखास सुटतात.

पहिली गोष्ट जमिनीचा कायदा. आपल्याला 'वाइल्ड वाइल्ड कंट्री' बघताना वाटतं की कट्टर ख्रिस्ती गावकरी विरुद्ध रंगीत परदेशी संन्यासी असा सामना आहे. गावकऱ्यांत द्वेष होता, तो पडद्यावर दिसतो. पण भांडणाचं मूळ ओरेगॉनच्या १९७३ च्या जमीनवापर कायद्यात आहे. शेतीची जमीन शेतीसाठीच ठेवायची, शहरं वाटेल तिथे पसरू द्यायची नाहीत, असा तो कडक कायदा, आणि तो राखायला '१००० फ्रेंड्स ऑफ ओरेगॉन' ही संस्था कोर्टात उभी. शेतीच्या नावाने घेतलेल्या माळावर हजारो लोकांचं शहर उभारायचं म्हटल्यावर धर्म कुठलाही असता तरी गाठ पडलीच असती. संन्याशांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे रँचवरच रजनीशपुरम नावाची नगरपालिका स्थापन करणं (१९८२). आणि शेजारच्या अँटेलोप या चाळीसेक वस्तीच्या गावात घरं विकत घेऊन, मतदार होऊन, गावाचा कारभार ताब्यात घेणं. १९८४ मध्ये त्या गावाचं नावसुद्धा 'रजनीश' केलं.

नगरपालिका झाली तिथेच खरं तर ते अडकले. सगळी जमीन एका धर्मसंस्थेची, सगळे रहिवासी एका गुरूचे, आणि त्यांच्याच हातात सरकारी पोलीस ठाणं. राज्याचे महाधिवक्ता डेव्ह फ्रोनमायर यांनी मुद्दा काढला की हे धर्म आणि शासन वेगळे ठेवण्याच्या घटनेतल्या तत्त्वाविरुद्ध आहे. १९८५ च्या शेवटी न्यायालयाचा कौलही त्यांच्या बाजूने गेला, तोपर्यंत शहर रिकामं होत आलं होतं. विषप्रयोग, कट वगैरे सगळं बाजूला ठेवलं तरी रजनीशपुरम कायद्यापुढे टिकणारं नव्हतं. पडद्यावर हा भाग कमी येतो कारण त्यात पिस्तुलं नाहीत.

दुसरी गोष्ट मतदार. तेव्हा ओरेगॉनमध्ये अगदी मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येई. त्याच भरवशावर १९८४ च्या शरदात देशभरातल्या शहरांमधून बेघर माणसं बसमध्ये भरभरून रँचवर आणली. योजनेचं नाव गोंडस, 'शेअर-अ-होम'. हजारोंनी माणसं आली. त्यांतल्या अनेकांना मानसिक आजार होते, व्यसनं होती. त्यांना आवरेना तेव्हा बिअरमधून गुंगीचं औषध दिलं. पुढे परगण्याच्या अधिकाऱ्यांनी नव्या नावनोंदणीवर चौकशीची अट घातली, डाव उधळला, आणि मतं मिळणार नाहीत म्हटल्यावर त्याच माणसांना आजूबाजूच्या गावांत नेऊन सोडलं. थंडी सुरू होत होती. ओरेगॉनने नंतर तो नावनोंदणीचा नियम बदलला.

शीला-शीला करताना मला सगळ्यात जास्त हीच माणसं आठवतात. विषबाधा झालेल्यांची निदान यादी तरी झाली.

---

उंबरठा

@रानजाई, रजनीश सुटले हे मान्य. पण त्याने शीलाचं पाप हलकं होतं का? रजनीशांचे डॉक्टर देवराज यांना भर उत्सवात सुई टोचून मारायचा प्रयत्न झाला, सरकारी वकील चार्ल्स टर्नर यांच्या खुनाचा कट शिजला, परगण्याच्या नियोजन कार्यालयाला आग लावली. टर्नर कटासाठी तर स्वित्झर्लंडच्या कोर्टानेही १९९९ मध्ये तिला दोषी ठरवलं, आधी भोगलेली शिक्षा धरून सोडलं. म्हणजे हे सगळं भगवानांनी किंवा अमेरिकन सरकारने रचलेलं कुभांड आहे हा तिचा सूर तिकडच्या न्यायाधीशांपुढेही टिकला नाही.

शिक्षा भोगली म्हणजे तिला जगू द्यावं, हे शंभर टक्के खरं. तिला कुणी नोकरी नाकारली, घर नाकारलं तर मी तिच्या बाजूने बोलेन. पण शिक्षा भोगली म्हणून सत्काराला बोलवायचं?

@कायद्याचा_किडा, बेघरांचा मुद्दा जबरदस्त. त्यांच्यावर स्वतंत्र माहितीपट व्हायला हवा.

---

स्वामी_नाही_पण

इथे मी अल्पमतात असणार हे माहीत आहे, तरी लिहितो. माझ्या वडिलांनी ओशोंची प्रवचनं कॅसेटवर ऐकली, मी पुस्तकांतून वाचली. कबीर, ज्ञानेश्वर, तुकोबा, बुद्ध यांच्यापर्यंत मी त्या वाटेने गेलो. ओरेगॉनची घाण मला नाकारायची नाही. पण या दोन्ही माहितीपटांत एक गोष्ट साफ गायब आहे: एवढी शिकली-सवरलेली माणसं, डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सगळं सोडून तिथे गेली ती नेमकं काय ऐकून गेली? विनोद खन्ना कारकीर्द ऐन भरात असताना सगळं टाकून तिथे बागकाम करत होता. गाड्या, झगे, नाच दाखवले की प्रेक्षक म्हणतो 'वेडे होते', आणि सुटतो. आकर्षण कशाचं होतं ते कळल्याशिवाय अधःपात कसा कळणार?

आणि शीला कधीच साधक नव्हती, हे तिने स्वतःच अनेकदा सांगितलंय. तिला ध्यानात रस नव्हता. तिचं प्रेम त्या माणसावर होतं, आणि हाताला काम हवं होतं.

---

तिरपागडा

गुरूला ध्यान न करणारी सचिव सगळ्यात जास्त आवडली, यातच सगळं आलं की.

---

रानजाई

@स्वामी_नाही_पण, पहिल्या परिच्छेदाला जोरदार अनुमोदन. 'वाइल्ड वाइल्ड कंट्री'तला वकील नीरेन आठवा. लॉस एंजेलिसमधली बडी वकिली सोडून आलेला, आज म्हातारा झालेला माणूस कॅमेऱ्यासमोर भगवानांबद्दल बोलताना रडतो. त्याला मूर्ख म्हणून मोकळं होता येत नाही. मला वाटतं त्या मालिकेची सगळी ताकद अशा तीन-चार चेहऱ्यांत आहे. जेन स्टॉर्क घ्या. देवराजना सुई टोचणारी तीच. तिच्या चेहऱ्यावर जे चाललेलं दिसतं त्याच्या एक दशांशही शीलाच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

@उंबरठा, सत्कार हा शब्द जरा जास्त होतोय, पण ठीक.

---

चित्रफीत

मी माहितीपटांच्या संकलनात काम करते. त्या बाजूने थोडं.

'वाइल्ड वाइल्ड कंट्री' का जमला? वे बंधूंना (मॅकलेन आणि चॅपमन) सुमारे ३०० तासांचं जुनं चित्रण हाती लागलं. ओरेगॉनच्या टीव्ही वाहिन्या चार वर्षं रोज त्या रँचवर कॅमेरे घेऊन जात होत्या, आणि संन्यासी स्वतःही सतत चित्रण करायचे. एवढा ऐवज असला की तुमचा मुलाखत देणारा कितीही गोड बोलो, तुमच्याकडे त्याच्या बोलण्याच्या खाली लावायला १९८४ चं दृश्य असतं. म्हातारी शीला शांतपणे काहीतरी सांगते, लगेच तरुण शीला टीव्हीवर फुत्कारताना दिसते. प्रश्न विचारायची गरजच नाही, कापणीनेच प्रश्न विचारला.

'सर्चिंग फॉर शीला'कडे हे नव्हतं. त्यांच्याकडे होती बाई आणि बाईची परवानगी. आमच्या धंद्यात याची फार मोठी किंमत मोजावी लागते. माणूस तुम्हाला घरात घेतो, गाडीत घेतो, सूटकेस भरताना चित्रण करू देतो, त्याची एक न लिहिलेली अट असते. पहिल्याच आठवड्यात अवघड प्रश्न विचारला की दार बंद, आणि अर्ध्यावर दार बंद झालं तर निर्मात्याला काय दाखवायचं? म्हणून दिग्दर्शक म्हणतो 'शेवटी विचारू', आणि शेवट येतो तोवर मैत्री झालेली असते. मी संकलनाच्या टेबलावर हे अनेकदा बघितलंय. एका फिल्ममध्ये (नाव सांगत नाही) गडबडगुंडा करणाऱ्या ट्रस्टीची मुलाखत होती. तो हिशेबाचा प्रश्न आला की दरवेळी चहा मागवायचा. दिग्दर्शकाने ते सगळे चहा कापून टाकायला सांगितले, कारण 'लय तुटते'. मी भांडून तीन ठेवले. फिल्ममध्ये लोकांना तेवढेच लक्षात राहिले.

शीलाच्या माहितीपटात असे 'चहा' नक्की असणार. दिवाणखान्यातल्या मंडळींच्या चेहऱ्यांवर कॅमेरा पाच सेकंद जास्त थांबला असता तरी फिल्म बदलली असती.

पण 'वाइल्ड वाइल्ड कंट्री'लाही देव करू नका. समतोलाच्या नावाखाली ती मालिका शेवटी सगळ्यांना थोडं-थोडं बरोबर ठरवते, संगीत असं लावते की विष कालवायचा प्रसंगही थरारपट वाटतो. शीलाला भारतात जी लोकप्रियता मिळाली ती त्या संगीतानेच दिली. 'सर्चिंग'वाल्यांनी तयार पिकाची कापणी केली एवढंच.

---

उंबरठा

@चित्रफीत, या प्रतिसादासाठी धागा काढला असं समजतो. ते चहाचं फारच भारी.

---

माधुकरी

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून लिहिते. विषय जड आहे, ज्यांना त्रास होईल त्यांनी पुढचं वाचू नये.

मुलं. त्या पंथात शेकड्यांनी मुलं वाढली, पुण्यात, इंग्लंडमधल्या सफोकच्या 'मदिना' कम्यूनमध्ये (शिष्यांची सामूहिक वसाहत) आणि ओरेगॉनमध्ये. त्यांना आईवडिलांपासून वेगळं, मुलांच्या मुलांत ठेवायची पद्धत होती. कुटुंब हा बंध आहे, तो तोडायचा, असं तत्त्वज्ञान. 'वाइल्ड वाइल्ड कंट्री'च्या सहा-साडेसहा तासांत या मुलांसाठी जागा झाली नाही. २०२४ मध्ये 'चिल्ड्रन ऑफ द कल्ट' नावाचा माहितीपट आला. तो करणाऱ्या दोघींपैकी मारोएशा पेरिझोनियस ही स्वतः त्या कम्यूनमध्ये वाढलेली. तिच्याबरोबर तिथे लहानाच्या मोठ्या झालेल्या इतर बायका कॅमेऱ्यासमोर सांगतात की त्यांच्यावर मोठ्या पुरुषांनी लैंगिक अत्याचार केले, आणि ते लपूनछपून नव्हतं. आजूबाजूच्या मोठ्यांना दिसत होतं. 'मुक्त' वातावरणात ते कुणाला खटकत नव्हतं.

हे पाहिल्यावर मला शीलाच्या पिस्तुलात आणि साड्यांत काडीचाही रस उरला नाही. सचिव म्हणून सगळ्या कम्यूनचा कारभार जिच्या हातात होता, तिला दिल्लीतल्या एवढ्या मुलाखतींत हा एक प्रश्न विचारायचा: तुमच्या गावात मुलं कुणाच्या देखरेखीखाली होती?

आणि @स्वामी_नाही_पण, हा टोमणा नाही, खरंच विचारते. प्रवचनं आणि हे, तुम्ही डोक्यात एकत्र कसं ठेवता?

---

स्वामी_नाही_पण

माधुकरी, प्रामाणिक उत्तर असं की नीट ठेवता येत नाही. पुस्तकं कपाटात आहेत, गेली काही वर्षं काढलेली नाहीत. तुकोबांवरचं एक मात्र अजून काढतो. जास्त काही सांगता येणार नाही.

---

कोरेगावकर

माधुकरीचं वाचून एक आठवलं. आमच्या गल्लीत संध्याकाळी दोन-तीन गोरी पोरं यायची, सात-आठ वर्षांची असतील. आमच्यात लगोरी खेळायची. अंधार पडला की आमच्या आया हाका मारायच्या. त्यांना कुणी हाक मारायचं नाही, त्यामुळे आम्हाला त्यांचा भयंकर हेवा वाटायचा. माझी आई मात्र त्यांना जेवायला बसवून घ्यायची आणि आजोबा नाक मुरडायचे. ती पोरं नंतर कुठे गेली, काय झाली, कुणाला माहीत असायचं कारण नाही.

---

कायद्याचा_किडा

'मोठ्यांना दिसत होतं' हे कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे. १९८५ मध्ये रजनीशपुरमवर केंद्राच्या, राज्याच्या, परगण्याच्या मिळून किती यंत्रणा एकाच वेळी धावून गेल्या होत्या. प्रयोगशाळा शोधली, साल्मोनेलाची बाटली शोधली, फोन ऐकायची उपकरणं शोधली. खटले मात्र उभे राहिले ते विषबाधा, हल्ले, टेपिंग आणि अमेरिकेत राहता यावं म्हणून लावलेल्या खोट्या लग्नांचे. ज्याने सरकार दुखावलं त्याचा तपास झाला.

---

निवांत

वाचनमात्र होतो. 'चिल्ड्रन ऑफ द कल्ट' भारतात कुठे बघायला मिळेल? आणि त्या रँचचं पुढे काय झालं?

---

कायद्याचा_किडा

रँचचं सांगतो. पंथ मोडल्यावर जमीन पडून होती. मग मॉन्टानाच्या एका उद्योगपतीने घेतली आणि 'यंग लाइफ' या ख्रिस्ती संस्थेला देऊन टाकली. तिथे आता शाळकरी मुलांची उन्हाळी शिबिरं भरतात. अँटेलोपला १९८५ च्या नोव्हेंबरातच आपलं नाव परत मिळालं.

---

माधुकरी

@निवांत, ब्रिटनमध्ये आयटीव्हीने दाखवला होता. मी तिकडे राहणाऱ्या बहिणीकडे पाहिला. इथे मिळाला तर याच धाग्यावर लिहीन. बघणार असाल तर एकट्याने आणि रात्री बघू नका.

---

रानजाई

मीही बघणार. आणि माधुकरीचा प्रश्न शीलाला विचारायलाच हवा, तिथे माझं काही उलटं म्हणणं नाही. फक्त विचारताना शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवा आणि तिच्यावर तिच्या भगवानांचा फोटो. तोच प्रश्न आधी त्या खुर्चीला.